आजीची करवती, ना कात्री ना सुई

टेबल स्कर्टिंग, म्हणजे टेबलाभोवती चुण्यांचं कापड लावणं, म्हटलं की लोकांना वाटतं हे टेलरकडे टाकायचं काम, पण नागपुरात लग्नसराईत टेलरला ब्लाउजच्या ऑर्डरींमधून मान वर करायला फुरसत नसते, म्हणून मी बरंचसं काम शिलाई न मारताच करते. डेकोरेशनचं टेबल असतं साधारण 30 इंच उंच. गांधीबागेत सॅटिन 58 इंची पन्ह्याचं मिळतं, ते लांबीत मधोमध कापलं की 29 इंचाच्या दोन पट्ट्या होतात, कापडाची तयार किनार खाली ठेवायची म्हणजे तळाला दुमडायची भानगडच नाही आणि जमिनीपासून इंचभर वर राहतं तर लोळतही नाही. कापलेली बाजू वर घ्यायची, चुण्या घालून फ्यूजिंग टेपवर (इस्त्रीच्या गरमीने चिकटणारी पट्टी) इस्त्री मारायची, वरून टॉप क्लॉथ टाकला की ते सगळं झाकलं जातं. फक्त कापडात कंजुषी नको, टेबलाच्या घेराच्या दुप्पट तरी पाहिजेच. आणि उन्हाळ्यात स्कर्ट टेबलाला लावायला नुसत्या डबल टेपच्या (दोन्ही बाजूंनी चिकटणारा) भरवशावर राहू नका, आपल्या 45 डिग्रीत तो सुटतोच.

पण सांगायचंय ते मे महिन्यातल्या एका साक्षगंधाचं. वर्धा रोडला लॉन होतं. मुलीची इच्छा अशी की ज्या टेबलावर ताटं मांडणार त्याला आजीची करवती साडी लावायची. टसर रेशमाची जुनी करवती, काठावर ते करवतीचे दाते एकदम स्पष्ट, आणि मधला टसरचा रंग असा पिकलेला की नव्या साडीत मिळणारच नाही. आजी स्वतः पिशवी घेऊन लॉनवर आल्या, साडी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "पाय माय, हे माह्या लग्नातली होय. इले कात्री नको लावजो अन् सुई बी नको टोचजो." मी म्हटलं आजी, जशी दिली तशीच परत देते.

आता सुई नाही म्हणजे टाचणी आणि सेफ्टी पिन पण नाही, कारण जुन्या टसरला पिनचं भोक पडलं की ताण येऊन तिथूनच फाटत जातं. ग्लू तर विचारूच नका, डाग कायमचा. मग हिशोब मांडला. टेबल 6 बाय अडीच फूट, समोरची बाजू आणि दोन कडा मिळून 11 फूट, म्हणजे साधारण साडेतीन मीटर. साडी साडेपाच मीटर. दीडपटीच्या थोडं वर कापड मिळतं, सॅटिनला हे कमी पडलं असतं पण टसरला अंगचा कडकपणा असतो, मोठ्या चुण्या घातल्या तर छान उभ्या राहतात. रुंदी 45 इंच, खाली जातं 29, उरलेलं 16 इंच कापायचं नाही, टेबलावर आत वळवून घ्यायचं. आधी टेबलावर सुती चादर अंथरली, त्यावर एकेक चुणी घालत गेले, जाऊबाई पलीकडून हाताने दाबून धरत होत्या, आणि मग टेबलाच्याच मापाचा प्लायवूड, खालून सुती कापड गुंडाळलेला, अलगद वर ठेवला. बस, साडी दोन्हींच्या मधे दाबली गेली. वर टॉप क्लॉथ आणि ताटांचं वजन. पदर मी मुद्दाम उजव्या कोपऱ्यात पूर्ण मोकळा पसरला, तो दिसायलाच पाहिजे होता.

सगळं जमलं आणि तेवढ्यात लॉनवाल्यांनी जंबो कूलर सुरू केला, थेट टेबलावर! नेहमीच्या स्कर्टला मी खालच्या किनारीला वजनासाठी वायसर (लोखंडी चकत्या) लावते म्हणून तो उडत नाही, पण इथे काय लावणार. वर कूलरचे पाण्याचे तुषार, आणि रेशमावर पाण्याचे थेंब पडले की वाळल्यावर गोल डाग राहतात. कूलर हलवायला तो माणूस तयार नव्हता, पाहुणे उकाड्याने हैराण होऊन राहिले म्हणे, आणि त्याचंही खरंच होतं. शेवटी आम्हीच चौघांनी टेबल प्लायसकट उचलून स्टेजच्या बाजूच्या पडद्याआड घेतलं, जिथे वारा येत नव्हता. एक चुणी हलली नाही. मला त्या वेळी जो आनंद झाला तो कुठल्याच मोठ्या स्टेजच्या कामात झालेला नाही, खरं सांगते.

रात्री आजींनी साडी उजेडात धरून काठ बोटांनी चाचपत पूर्ण बघितली, मग घडी घालून पिशवीत ठेवली आणि मला म्हणाल्या, "जेवली का वं?"

तेव्हापासून मी प्रत्येक पार्टीला आधी विचारते, घरात जुनी साडी आहे का. कापडाचा खर्च वाचतो, मी फक्त मजुरी लावते. पुढे एका डोहाळजेवणाला नऊवारी लुगडं 5 फुटी गोल टेबलाला लावायचंय. घेर पावणेपाच मीटर, लुगडं सव्वाआठ, म्हणजे लांबी पुरते. अडचण वेगळीच आहे, गोल टेबलावर जास्तीचं कापड आत वळवलं की मध्याकडे घेर कमी होत जातो आणि थर चढून वरचा प्लाय डगमगतो. म्हणून काठाखालून जाड नाडा घट्ट बांधून लुगडं त्यावरून टाकायचं आणि उरलेलं आतल्या बाजूने अस्तरासारखं खाली सोडायचं, असं ठरवलंय. नाड्यावर चुण्या सरकू नयेत म्हणून सुती पट्टी मधे घालून क्लिपा लावेन. घरच्या टेबलावर जुन्या लुगड्याने ट्रायल चालू आहे.