बाबांच्या वहीतले गिरी

१० ऑगस्ट, रात्री

माळा आवरायला काढला आणि अख्खी दुपार त्यातच गेली. बाबांची १९५४ ची खर्चाची वही सापडली. दूध, रॉकेल, ट्राम, युनियनची वर्गणी, सगळं पेन्सिलीनं. सप्टेंबरच्या पानावर बेरजेखाली मात्र शाईनं दोनच शब्द : 'गिरी गेले.'

म्हणजे मंत्रिमंडळातून गेले. बाबा तेव्हा फोर्टातल्या एका बँकेत कारकून. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा तंटा श्रम अपील न्यायाधिकरणापर्यंत गेला, निवाडा लागला आणि सरकारनं त्याला कात्री लावली. लागलेला निवाडा सरकारनंच फिरवायचा, हे श्रममंत्री व्ही. व्ही. गिरींना पटेना. दिला राजीनामा. गंमत अशी की निवाड्यांवर त्यांचा मुळात भरवसाच नव्हता. मालक आणि युनियननं समोरासमोर बसून मिटवावं, कोर्टाची पायरी शेवटची, हे त्यांचं जन्माचं म्हणणं. तरी खुर्ची सोडली ती एका निवाड्यापायी.

बाबांची पंचाईत वेगळीच. अर्थखातं सी. डी. देशमुखांकडे, म्हणजे आमच्या रायगडच्याच माणसाकडे! शिव्या द्यायच्या तरी कोणाला? पुढे दोनच वर्षांनी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनीही राजीनामा दिला आणि बाबा सुटले. बँकांच्या निवाड्यासाठी आयोग नेमला होता, आधी न्या. राजाध्यक्ष, त्यांच्या निधनानंतर न्या. गजेंद्रगडकर. कापलेल्यातलं बरंचसं परत मिळालं. आमच्या घरातलं शिवणयंत्र त्याच फरकातून आलं, असं आई सांगायची.

गिरींचा जन्म आजच्याच तारखेचा, १८९४ चा, बेरहामपूरचा. १९१३ साली कायदा शिकायला डब्लिनला गेले, तर तिथे त्याच वर्षी कामगारांची मोठी टाळेबंदी. १९१६ च्या इंग्रजांविरुद्धच्या ईस्टरच्या उठावानंतर आयर्लंड सोडावं लागलं. परत आले ते बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांत शिरले. १९२७ ला जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय कामगार परिषद, १९३१ ला गोलमेज परिषद, १९३७ ला बोब्बिलीच्या राजाला त्याच्याच घरच्या मैदानात पाडून मद्रासचं मंत्रिपद.

मला अडकायला होतं ते १९४७ ते ५१ या सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, वर्षांत. तिथे ते भारताचे उच्चायुक्त. तिथल्या १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानं चहाच्या मळ्यांतले लाखो तमिळ मजूर कुठल्याच देशाचे उरले नाहीत. आयुष्यभर मजुरांत वावरलेला माणूस, आणि अंगावर राजदूताचा कोट. युनियनवाल्याला मोर्चा तरी काढता येतो, उच्चायुक्तानं खलिते धाडायचे. काय वाटलं असेल त्यांना?

मग १९६९. झाकिर हुसेन गेले, गिरी हंगामी राष्ट्रपती. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून निवडणुकीत उतरले. समोर काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी, आणि तिसरे कोण, तर आमचे देशमुख! पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत नाही. देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती मोजून ती मतं वाटल्यावर गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. बाबा म्हणायचे, "माणूस आपला देशमुख, पण मीठ गिरींचं खाल्लंय." मत द्यायचं होतं आमदार-खासदारांनी, पण आमच्याकडे आठवडाभर वाद.

त्या गादीवर बसल्यावर गिरींचा हात सहीला फार सैल झाला, असं माझं मत. मिसा, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायचा कायदा, त्यांच्याच काळातला, १९७१ चा. मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला तेव्हा त्याच मिसाखाली कामगार आत गेले. रेल्वे कामगारांची संघटना उभारण्यात आयुष्य घातलेला माणूस तेव्हा राष्ट्रपती भवनात. राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला मानावा लागतो, कबूल. पण १९५४ ला ह्याच माणसाला खुर्ची सोडता आली होती ना?

जेवण झाल्यावर पुन्हा माळ्यावर चढले. ७४ ची वही मिळाली. मे महिना : दूध, रॉकेल, माझी शाळेची फी, 'रेल्वे संप निधी ५ रु.' सगळं पेन्सिलीनं. पान उलटून पाहिलं. शाईचं कुठेच काही नाही.