पुणे ते बंगळूर, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवली त्याचा अनुभव
बंगळूरला जॉब लागला तेव्हा घरात पहिला वाद गाडीवरून झाला. बाबांचं म्हणणं, 840 किलोमीटर तर आहे, पहाटे चारला निघ की रात्री पोचशील. मला एकटीला ते झेपणार नव्हतं, म्हणून आमची एमएच 12 वॅगनआर ट्रान्सपोर्टने पाठवायची ठरलं.

ऑनलाइन एका ठिकाणी नंबर टाकला आणि दहा मिनिटांत सात-आठ फोन, रेट 6,500 पासून 14,000 पर्यंत, आणि सगळ्यांचं एकच, मॅडम सगळं धरून सांगितलंय. खोदून विचारलं तेव्हा कळलं की 6,500 वाल्याचा रेट यार्ड टू यार्ड आहे, म्हणजे गाडी आपणच चाकणला नेऊन सोडायची, तिकडे बंगळूरच्या बाहेर नेलमंगलाहून आपणच आणायची, जीएसटी वेगळा, ट्रान्झिट इन्शुरन्स वेगळा. इन्शुरन्स मला गाडीच्या किमतीवर दीड टक्का सांगितला, 3 लाखांवर 4,500. शेवटी 11,000 वाला घरपोच ठरवला.

गाडी न्यायला पोरगा आला, म्हणाला टाकी पावच ठेवा आणि डिकी रिकामी करा. डिकीत आईने वीस किलो लोकवन गहू आणि पापडाचे डबे लपवले होते! सामानाचा इन्शुरन्स नसतो, हरवलं तर आम्ही जबाबदार नाही असं तो म्हणाला, झालं, सगळं परत वर. मी चारी बाजूंनी फोटो काढले, मीटरचाही, 41,312. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, आधीचे दोन ओरखडे लिहून घेतले. आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसीच्या झेरॉक्स दिल्या, ओरिजिनल दिली नाही.

चार-पाच दिवस सांगितले होते, लागले अकरा, कारण कंटेनर भरल्याशिवाय निघतच नाही आणि हे फोनवर कोणी सांगत नाही, रोज नुसतं आज निघेल मॅडम.

गाडी आली रात्री दहाला, धुळीने माखलेली. ड्रायव्हरला सहीची घाई. मी टॉर्च लावून बघत बसले तर डाव्या बंपरला नवा ओरखडा. तो म्हणे, मॅडम ये पहले से था. फोटो दाखवला तेव्हा गप्प झाला, आणि बिल्टीवर तसं लिहून मगच मी सही केली. महिनाभर फोन करून 2,000 मिळाले. मीटर 93 किलोमीटर पुढे गेलेलं, आधी संशय आला, मग हिशोब केला, घर ते चाकण आणि नेलमंगला ते घर गाडी चालवतच नेतात, तेवढं होतंच. सीट मात्र इतकी मागे नेलेली की माझा पाय क्लचला पोचेना.

एनओसी काढायची मात्र राहूनच गेली. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथला नंबर घ्यायला लागतो, त्यासाठी पुणे आरटीओची एनओसी पाहिजे, फॉर्म 28, आणि त्यावर चेसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा, पेन्सिलने घासलेला ठसा. गाडी पुण्यात होती तेव्हाच घेऊन ठेवला असता तर काम झालं असतं. परवा पार्किंगमध्ये वाकून मीच घासला आणि बाबांना कुरियर केला. गहू अजून पुण्यातच आहेत.