दोन संवर्ग, एक यादी : विलीनीकरणानंतरच्या पदोन्नत्यांचा माझा अनुभव

दोन आस्थापना एक झाल्या, सुधारित आकृतिबंध (कुठली पदं किती, याचा आराखडा) मंजूर झाला की सगळ्यांना वाटतं, आता विभागीय पदोन्नती समितीची बैठक लागली की वरची पदं भरली. आस्थापना शाखेत या फायली हाताळल्यावर माझं मत ठाम झालंय : गट अ च्या वरिष्ठ पदांवर कोण जाणार, याचा बराचसा निकाल एकत्रित ज्येष्ठता यादीतच लागून गेलेला असतो. बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदं नेमून देणारा तक्ता) मागासवर्ग कक्षाकडून तपासून येते, रिक्त पदं काढली जातात, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. यादीबद्दल आहे, कारण ती ज्या कार्यालयात अडकली त्याचा राग अजून गेलेला नाही.

यादीत नावं घालण्याआधी पदांची समकक्षता, म्हणजे एका खात्याचं कुठलं पद दुसऱ्याच्या कुठल्या पदाच्या बरोबरीचं, ते ठरवावं लागतं. आमच्या फायलीवर त्या कार्यालयाने एका ओळीत ती उरकली होती : ‘वेतनस्तर समान, सबब पदे समकक्ष.’ हे चालत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या वेळी हैदराबाद आणि मध्य प्रदेशातले कर्मचारी मुंबई राज्यात आले, तेव्हापासून चार कसोट्या ठरलेल्या आहेत : कामाचं स्वरूप, जबाबदाऱ्या व अधिकारांची व्याप्ती, किमान अर्हता आणि वेतन. वेतन शेवटी आहे, आणि ते मुद्दाम. एकाच वेतनस्तरावर एक अधिकारी स्वतंत्र कार्यालय चालवतो, आहरण व संवितरणाचे (सरकारी पैसे काढण्या-वाटण्याचे) अधिकार वापरतो, आणि दुसरा मुख्यालयात फक्त टिप्पण्या सादर करतो. म्हणून प्रत्येक पदासाठी या चार कसोट्यांचा तक्ता करा आणि सोबत कर्तव्यसूची, वित्तीय अधिकार प्रदान केल्याचा आदेश आणि त्या वेळचे सेवाप्रवेश नियम जोडा. तक्ता नसेल तर पुढची अख्खी यादी भुसभुशीत जमिनीवर उभी राहते.

नंतर येते तारखेची भानगड. कुठली तारीख धरायची? पहिल्या नेमणुकीचा आदेश, रुजू दिनांक, नियमित नियुक्तीचा दिनांक, मानीव दिनांक (प्रत्यक्ष नेमणूक नंतर झाली तरी ज्येष्ठतेसाठी मानलेला आधीचा दिनांक), कायम झाल्याचा दिनांक, प्रत्येक जण आपल्या सोयीची पुढे करतो. याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच अभियंत्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली दिलेलं आहे. नेमणूक नियमांप्रमाणे झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीपासून धरायची, कायम केल्याच्या तारखेपासून नाही. आणि नियम डावलून निव्वळ तात्पुरती सोय म्हणून झालेली तदर्थ नेमणूक ज्येष्ठतेला मोजायची नाही. व्यवहारात गोंधळ होतो तो असा : एका खात्याने तदर्थ पदोन्नत्यांचे आदेश पुढे ‘नियमित’ करताना कुठल्या दिनांकापासून ते लिहिलेलंच नसतं, आणि दुसऱ्या खात्याने तदर्थ पदोन्नत्या दिलेल्याच नसतात. दोन्ही याद्या सरळ तारखेवर एकत्र केल्या तर पहिलं खातं आयतं वर बसतं. मानीव दिनांकाचंही तसंच. एकीकडे सढळ हाताने दिलेले, दुसरीकडे अर्ज धूळ खात पडलेले. प्रलंबित मानीव दिनांकाची प्रकरणं तात्पुरती यादी काढण्याआधी निकाली काढा. नंतर एक जरी मंजूर झालं, तरी खालच्या सगळ्यांचे क्रमांक हलतात.

आणखी एक गोष्ट, मूळ खात्यातला आपसातला क्रम मोडायचा नाही. सरळसेवेच्या, म्हणजे थेट भरतीच्या, एकाच तुकडीत लोकसेवा आयोगाचा गुणवत्ताक्रम चालतो. एखादा मुदतवाढ घेऊन उशिरा रुजू झाला म्हणून केवळ तारखेवर तो आपल्याच तुकडीतल्या खालच्या क्रमांकाच्या मागे जाता कामा नये. संगणकावर रुजू दिनांकाचा स्तंभ धरून क्रम लावला की हेच होतं, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. क्रम लावल्यावर दोन्ही मूळ याद्या शेजारी ठेवून हाताने ताडून बघाव्याच लागतात.

आता त्या कार्यालयाबद्दल. फाईल परत यायची ती ‘तपासून फेरसादर करावी’ एवढ्याच शेऱ्यानिशी. काय तपासायचं ते नाही. एक त्रुटी दूर केली की पुढच्या वेळी दुसरी निघायची, जी पहिल्या वेळीही तितकीच दिसत होती. ही एकेक त्रुटी काढण्याची पद्धत म्हणजे निर्णय न घेण्याची सभ्य रीत आहे. यावर उपाय दोन, आणि दोन्ही चालतात. एक, प्रत्येक नावासाठी एका पानाचं पडताळणीपत्रक : नियुक्ती आदेशाचा क्रमांक, सेवापुस्तकाचं पान, परिवीक्षा पूर्ण झाल्याचा आदेश, विभागीय परीक्षा उत्तीर्ण किंवा सूट मिळाल्याचा दिनांक, जात वैधता. दोन, सादर करतानाच टिप्पणीत वाक्य घाला : ‘त्रुटी असल्यास सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात.’ त्यानंतर तुकड्यातुकड्याने शंका काढणाऱ्याला स्वतःच्याच सहीखाली उत्तर द्यावं लागतं. दोन्ही खात्यांच्या आस्थापना लिपिकांना एका टेबलावर बसवून सेवापुस्तकं उघडली तर पत्रापत्रीत महिने घेणारं काम तिथेच उरकतं. हे वरिष्ठांना पटवायला मात्र वेळ लागतो.

तात्पुरती यादी प्रसिद्ध केल्यावर ती प्रतिनियुक्तीवर, दीर्घ रजेवर आणि प्रशिक्षणाला असलेल्यांपर्यंत पोचल्याची पोच ठेवा. हरकतींची उत्तरं सकारण द्या. ‘आपली हरकत अमान्य करण्यात येत आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र मॅटसमोर (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणासमोर) उभं राहत नाही, आणि तिथे अंतरिम आदेश झाला की सगळ्यांच्याच पदोन्नत्या थांबतात. हरकत घेणाऱ्यांनाही सांगणं : ‘माझ्यावर अन्याय झाला’ याला वजन नाही. कुठल्या नावाच्या वर, कुठल्या तारखेमुळे, कुठल्या आदेशाच्या आधारे, हे तीन मुद्दे लिहा आणि आदेशाची प्रत लावा. पदोन्नतीची संधी कमी झाली, एवढ्यावर भिस्त ठेवू नका. राज्य पुनर्रचनेनंतर मुंबईच्या विक्रीकर खात्यात आलेल्या अधिकाऱ्यांच्या प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पदोन्नतीची नुसती शक्यता ही सेवाशर्त नव्हे. पात्र असताना विचार होण्याचा हक्क मात्र आहे, भांडायचं तर त्यावर.

याच्याही आधी सांगायला हवं होतं ते सेवाप्रवेश नियमांचं. नवीन नियमांत ‘या संवर्गातील किमान पाच वर्षांची नियमित सेवा’ अशी अट असेल आणि संवर्ग, म्हणजे त्या पदांचा गटच, कालपरवा निर्माण झाला असेल, तर कोणीच पात्र ठरत नाही. मग शिथिलता मागायची वेळ येते, आणि शिथिलता हा मर्जीचा दरवाजा. मूळ समकक्ष पदावरची सेवा या संवर्गातली सेवा समजण्यात येईल, हे कलम मसुद्यातच हवं. सरकारी मंडळाच्या कंपन्या केल्या जातात तेव्हा मूळ कायदाच थोडं संरक्षण देतो. वीज मंडळाच्या ६ जून २००५ च्या विभाजनामागे जो २००३ चा विद्युत कायदा आहे, त्याच्या कलम १३३ मध्ये नव्या कंपनीत वर्ग झाल्यानंतरच्या सेवाशर्ती आधीपेक्षा कमी लाभाच्या नसतील असं आहे. खात्यांच्या विलीनीकरणाच्या शासन निर्णयात असं वाक्य आपणहून येत नाही, मागून घ्यावं लागतं.

गोपनीय अहवालांत विलीनीकरणाचं वर्ष हमखास रिकामं सापडतं. प्रतिवेदन अधिकारी (अहवाल लिहिणारा वरिष्ठ) मध्येच बदललेला, कुणाच्याच हाताखाली सलग तीन महिने झालेले नाहीत, किंवा जुना अधिकारी निवृत्त. ज्या काळाचा अहवाल लिहिताच येत नाही, त्याचं प्रमाणपत्र तेव्हाच घेऊन ठेवा. प्रतवारी कळवली गेली नसेल तर तीही मागा. २००८ पासून, प्रतिकूल शेरा असो की नुसती ‘ब’, प्रत्येक नोंद कळवणं बंधनकारक आहे.

‘चौकशी प्रस्तावित आहे’ म्हणून नाव मोहोरबंद पाकिटात टाकलेलं, म्हणजे समितीचा निर्णय चौकशी संपेपर्यंत बंद ठेवलेला, दिसलं तर आधी दोषारोपपत्र बजावल्याची तारीख विचारा. १९९१ च्या जानकीरामन निकालानुसार दोषारोपपत्र बजावलेलं नसेल तर नुसत्या प्राथमिक चौकशीवर पाकीट लावता येत नाही.

निवडसूचीचं (पदोन्नतीसाठी निवडलेल्यांच्या यादीचं) वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. त्या काळात निवृत्तीने रिकामी होणारी पदंही मोजायची, आणि त्याच काळात स्वतः निवृत्त होणाऱ्या पात्र अधिकाऱ्यांची नावं, निवृत्ती दिनांकासह, टिप्पणीच्या पहिल्या पानावर लिहायची. आतल्या पानांत ती असतात, पण सही करणारा तिथपर्यंत पोचतोच असं नाही.