क्युसेक विचारा, भांडणं नकोत

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. सांगलीत हे पोरंही सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. आणि वाहिन्यांवर काय, तर कोण कुणाला काय बोललं! कोयना धरणातून किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं, कधी, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी तेव्हा किती होती, हे विचारताना मला क्वचितच कुणी दिसलं. याची चीड अजून जात नाही.

गावभागात आमच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे, माझ्या छातीच्या वर. पूररेषेत बांधकामाला परवानगी कुणी दिली, एवढंच माहिती अधिकारात विचारलं. उत्तर आलं, विषय आमच्याकडचा नाही. अहो, कलम ६(३) प्रमाणे अर्ज तुम्हीच ५ दिवसांत पुढं पाठवायचा असतो! अपील टाकलंय.