बिबट्याला काम काय?

"मावशे, ह्याला दिवसभर काम काय असतं गे?" बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात बिबट्यासमोर भाचीने विचारलं.

बिबट्या सावलीत पसरलेला, नजर फांदीवरच्या कावळ्यावर. अंग ढिम्म, फक्त शेपटीचं टोक वळवळतंय. अगदी आमच्या मनीसारखं! पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की तीसुद्धा खिडकीच्या ग्रीलला नाक लावून अशीच बसते.

बोंडला म्हणजे अवघं ८ चौरस किलोमीटर, गोव्यातलं एक लहानसं अभयारण्य. पुढे गवेही बघितले (आपला राज्यप्राणी, पण पोरांना त्याचं कौतुक कमीच). तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

चांगल्या प्राणिसंग्रहालयांत खाणं मुद्दाम लपवून ठेवतात, नवनवे वास सोडतात, म्हणजे प्राण्याला शोधाशोध करावी लागते. आपण मांजरापुढे आयती वाटी सरकवतो आणि वर तिलाच आळशी म्हणतो. मांजराला खेळवायचा तो लेझरचा लाल ठिपका तर मला मुळीच पटत नाही. धावधाव धावायचं आणि पंजात काय? काहीच नाही.

रात्री खोक्यात कागदाचे बोळे भरले आणि खाली उकडलेल्या बांगड्याचे काटे काढलेले तुकडे पुरले. हॉलभर कागदच कागद! नवरा अजून कुरकुरतोय.

फ्लॅटमधल्या मांजरांना तुम्ही कशात गुंतवता?