पुण्यातल्या जुन्या इमारती इतक्या काळ्या का? तुम्ही विचारलंत म्हणून

पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवला की घरी येताना हा प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे सगळं असं काळंकुट्ट का हो? जयपूर बघा कसं गुलाबी!" परवा तुम्हीही विचारलंत, पण तेवढ्यात रिक्षा मिळाली आणि उत्तर राहून गेलं.

जयपूरचं आधी मिटवू. तो गुलाबी म्हणजे भिंतीला फासलेला रंग, १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून दिलेला. आपला काळा मात्र दगडाचाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, एकावर एक थर साचत गेले. सिंहगडाकडे लांबून पाहिलं की डोंगराला पडलेल्या पायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. पुस्तकात याला बसाल्ट म्हणतात, आपण नुसतं काळा दगड म्हणतो.

कोकणातल्या जांभ्याचा खाणीतच चिरा कापता येतो, मग हवा लागून तो टणक होतो. आमच्या दगडाला टाकी लावली तर ठिणगी आधी उडते, टवका मागाहून. असला दगड मग जोत्याला वापरायचा, आणि वर विटा, चुना, सागवान. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहून मान वर करा: बुरूज खाली दगडी, वर विटांचे. दगडी वाडा बांधायचा मान फक्त छत्रपतींचा, म्हणून साताऱ्याहून हरकत आली, अशी गोष्ट सांगतात. मला ती फार पटत नाही. १७३० साली पाया घातला आणि १७३२ साली वास्तुशांत. दोन वर्षांत एवढा वाडा विटा-लाकडाचाच उभा राहणार! १८२८च्या आगीत सागवान गेलं, जोती उरली. आत जाऊन "काहीच नाही की" म्हणत लोक परततात, ते त्या जोत्यांवरूनच चालत.

या दगडात नाजूक कोरीवकाम होत नाही, असंही मी कैक वर्षं ठोकून सांगायचो. मग एकदा सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ सावकाश पाहिलं आणि गप्प झालो. बांधकाम १७५४ला सुरू झालेलं, पुढे पंधराएक वर्षं चाललेलं. दर्शनी भिंतीवर साखळदंडांनी बांधलेला गेंडा आणि त्याच्याभोवती गोरे शिपाई. पेठेत गेंडा! तेव्हा दगडाला बोल लावू नये, सवड असली की तोही ऐकतो.

आमच्या वाड्याच्या पायरीत एक पांढरा ठिपका होता, रुपयाएवढा. आजीला तो चुन्याचा डाग वाटायचा, दर दिवाळीला काथ्याने घासायची. तो निघणार कसा? लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्यांत मागाहून स्फटिक धरतात, झिओलाइट म्हणतात त्यांना. वाघोलीच्या खाणींत तर कॅव्हन्साइट नावाचं निळंशार खनिज सापडतं, जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. आणि आम्ही घासत होतो.

वाडा पाडला तेव्हा बिल्डरकडून ती पायरी तेवढी मागून घेतली. उचलायला चार माणसं लागली. सध्या पार्किंगमध्ये पडून आहे. मागच्या महिन्यात कुणीतरी तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने फ्लॅट नंबर लिहिलाय, नेमका ठिपक्यावर.