तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दोन आडव्या रेघा

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की दरवर्षी कुणी ना कुणी पालक विचारतातच. "मॅडम, लग्न, संसार, नातीगोती हे तर घरात राहूनच कळतं. ते शिकायला समाजशास्त्र कशाला घ्यायचं?" आमचे नातेवाईक हाच प्रश्न वेगळा विचारतात, कारण त्यांना आमच्या घरचं ठाऊक आहे. "शिकलीस ते चांगलं केलंस, पण तुझ्या त्या शिक्षणापायी घर फुटलं, त्याचं काय?" मागच्या महिन्यात एका साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीत पुन्हा तेच ऐकलं. घास तसाच राहिला. घरी आल्यावर ठरवलं, एकदा सगळं लिहूनच काढायचं.

पालकांना द्यायचं उत्तर माझं पाठ आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं भरली आणि पुरुषांची ९७. ती ९७ मिनिटंसुद्धा फक्त त्या पुरुषांची, जे घरकामाला हात लावतात, आणि असे चारांत एकच. कुठल्या घरात राहून हे कळतं? माझी आई पहाटे पाचला चुलीपुढे बसायची ती रात्री भांडी पालथी घालूनच उठायची, आणि कुणी विचारलं तर सांगायची, "मी काय, घरीच असते." घरात राहून आईला स्वतःचे ते पाच तास कधी दिसले नाहीत. ते मोजायला बाहेरचं माणूस यावं लागतं, आणि समाजशास्त्र म्हणजे ते बाहेरचं माणूस.

हे उत्तर मी मनापासून देते. पण ते देताना दुसऱ्या प्रश्नापासून लांब पळते, हेही मला माहीत आहे.

१९९६ साली मी कराडला एस.वाय.बी.ए.ला होते. कुटुंब आणि विवाहाच्या पेपरला सरांनी काम दिलं होतं, आपल्या घरच्या चार पिढ्यांचा नातेआलेख काढायचा. २० गुण. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, दोघांच्या मधे दोन आडव्या रेघा म्हणजे लग्न. त्या रेघांवर तिरका छेद दिला की घटस्फोट. माणूस वारलं असेल तर त्याची खूणच खोडायची. मी गावातल्या दुकानातून कार्डशीट आणलं आणि चार रात्री आजीजवळ बसून नावं गोळा केली. आजीला तिच्या सासूच्या माहेरची माणसंसुद्धा पाठ होती.

तेव्हा आम्हाला अभ्यासाला मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे होत्या. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा १९५३ चा ग्रंथ इंग्रजीत, त्यामुळे सर मराठीत नोट्स द्यायचे. भारताचे त्यांनी नात्यांच्या रीतींप्रमाणे चार विभाग पाडले आणि महाराष्ट्र मधल्या विभागात घातला. आपल्याकडच्या बऱ्याच जातींत मामाची मुलगी करतात. मुलीच्या बाजूने पाहिलं तर भाची आत्याच्या घरी सून म्हणून जाते, उलट मात्र सहसा होत नाही. हे ऐकलं त्या दिवशी मी बसमध्ये उभ्याने घरी आले आणि मला उभं राहिल्याचंही कळलं नाही. कारण आमची आत्या अशीच आजोबांच्या सख्ख्या बहिणीच्या घरी दिलेली होती. घरात "आत्त्याकडंच दिली" एवढ्या दोन शब्दांत मिटणारी गोष्ट, तिला नकाशा होता.

आत्याचं लग्न १९७९ चं, तेव्हा ती १८ वर्षांची. चार वर्षांत मूल झालं नाही, मग नवऱ्याने दुसरी करून आणली. एका दुपारी आत्या पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्या दारात उभी राहिली ती मला आठवते, मी सहा वर्षांची होते. त्या ट्रंकेवर कमळ रंगवलेलं होतं आणि मला फक्त ते कमळ बघायचं होतं. त्यानंतर ती परत गेली नाही. घटस्फोट झाला नाही, पोटगी मागितली नाही. गावात तिला 'टाकलेली' म्हणायचे. आमच्या घरात काहीच म्हणायचे नाहीत.

वर्गात शिकवलं होतं की नात्यातल्या लग्नाने मुलीला आधार मिळतो. सासू म्हणजे सख्खी आत्या, सासर पायाखालचं. आमच्या घरी नेमक्या त्याच गोष्टीने तिचं तोंड बांधलं. आजोबांनी भांडायचं कुणाशी? पाठच्या बहिणीशी? हिंदू विवाह कायद्याने १९५५ पासून दुसरं लग्न बेकायदा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती, बायकोच्या वतीने तिचा बाप, भाऊ तक्रार करू शकत होता. पण आरोपी कोण, तर बहिणीचा मुलगा. आणि तक्रार केली असती तरी त्या दुसऱ्या लग्नाचे विधी रीतसर झाले होते हे सिद्ध करावं लागलं असतं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ते सांगून ठेवलं आहे. विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून आरोपी सुटला होता.

तर ती रात्र. कार्डशीट सोप्यात पसरलेलं, मी शाईने शेवटचा हात फिरवत होते. आत्या जेवणं आटपून, हात पुसत पुसत येऊन शेजारी बसली. तिला वाचता यायचं, चौथीपर्यंत शाळा झाली होती. तिने विचारलं, "ह्यात मी कुठं?"

मी वर्तुळ दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं. मग ते बोट दोन आडव्या रेघांवरून सरकत पलीकडच्या त्रिकोणावर गेलं आणि त्या त्रिकोणाच्या दुसऱ्या अंगाच्या वर्तुळावर थांबलं. तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"ही रेघ पूस," ती म्हणाली.

मी म्हणाले, "आत्या, ती पुसता येत नाही. घटस्फोट झालेला नाही ना. नियमाप्रमाणे तू अजून त्याचीच बायको."

हे मी म्हणाले. १९ वर्षांची होते, नियम नवा शिकलेला होता आणि तो बरोबरच होता. तेरा वर्षं जे या घरात कुणी तिच्या तोंडावर बोललं नव्हतं, ते मी हातात पेन धरून, गुणांसाठी बोलले. आत्या थोडा वेळ तशीच बसून राहिली. तिच्या बोटाला राखेचा डाग होता, तो कार्डशीटवर उमटला होता. तिने पदराच्या टोकाने तो पुसला, माझा कागद खराब होऊ नये म्हणून, आणि उठून आत गेली.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. थांबले नाही. कर्व्यांची एकत्र कुटुंबाची व्याख्या मी आत्याला लावून पाहिली. एका छपराखाली राहणारी माणसं: होय. एका चुलीवरचं खाणारी: होय, तो स्वयंपाक तीच करायची. मिळकत सामाईक: नाही. आजोबा गेल्यावर १९९१ मध्ये तिने हक्कसोडपत्रावर सही केली होती आणि येताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला साडी घेतली होती. एकत्र कुळाचार: तिची ओटी आमच्या देवीपुढे भरायची नाही, ती दुसऱ्या कुळाची, आणि त्या कुळात आता दुसरी बाई ओटी भरून घेत होती. म्हणजे आमच्या कुटुंबात ती होती का? हा प्रश्न मी निबंधात लिहिला. सरांनी त्याखाली लाल शाईने रेघ मारून 'उत्तम' लिहिलं. २० पैकी १८ मिळाले.

आणि मग एका रात्री जेवताना मी अण्णांना कायदा सांगितला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला होता, पण ज्यांची लग्नं आधी झाली त्यांना वगळून, म्हणून आत्या त्यात बसत नव्हती. पण १९५६ च्या वारसा कायद्याच्या २३ व्या कलमात लिहिलं होतं की मुलगी अविवाहित असेल, विधवा असेल, किंवा नवऱ्याने टाकलेली असेल, तर वडिलांच्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. (२००५ मध्ये ते कलम गेलं आणि लेकींना मुलांइतकाच हक्क आला.) अण्णा शांतपणे म्हणाले, "आम्ही सांभाळलीच ना तिला." मी म्हणाले, "सांभाळली म्हणू नका अण्णा. तिचा हक्कच होता."

आत्या भाकरी वाढत होती. तिने ताटात अर्धी भाकरी ठेवली, टोपली खाली ठेवली आणि मागच्या दाराने गेली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून धाकट्या आत्याकडे इस्लामपूरला गेली. तीन आठवडे आली नाही.

पुढच्या वर्षी वाटण्या झाल्या. "तुझ्यामुळे" म्हणतात ते हेच. वाटण्या होणारच होत्या. उसाचा पैसा आला होता, काकांची पोरं शिकायला पुण्याला जायची होती, दोन्ही जावांचं वर्षभर जमत नव्हतं. एका पोरीच्या निबंधाने एकत्र कुटुंब मोडत नाही, हे मी वर्गात शिकवते आणि ते खरं आहे.

पण त्या भांडणात काका जे बोलले तेही खरं आहे. "पोरगीच म्हणती ना, हक्क हाय. मग एकट्याच्या अंगावर कशाला? वाटून घ्या." जमीन वाटली, बैल वाटले, भांडी वाटली आणि आत्याही वाटली. सहा महिने आमच्याकडे, सहा महिने काकांकडे. पूर्वी निदान एक चूल तिच्या हातात होती. माझ्या त्या वाक्यानंतर दोन झाल्या, आणि दोन्हीकडे ती पाव्हणी.

मी स्वतःला सांगत आले की दोष कायद्याचा नव्हता, विषयाचाही नव्हता. बोलण्याची वेळ चुकली, माणूस चुकलं. कधी वाटतं हे पुरेसं आहे. कधी वाटतं मी गप्प बसले असते तर आत्या मरेपर्यंत 'सांभाळलेली' राहिली असती आणि मी त्याला माया म्हटलं असतं. जिने रेघ पुसायला नकार दिला त्या मुलीचा मला राग येतो. पण तिने तो आलेख काढला नसता तर आत्या कुठेच काढलेली नाही हे मला आजही दिसलं नसतं. माझ्या दोन्ही चुलत भावांनी घराची वंशावळ छापून घेतली आहे. तिच्यात फक्त मुलगे आहेत.

आता मी स्वतः नातेआलेख काढायला देते. आधी सांगते की घरच्या माणसाला विचारल्याशिवाय त्याची खूण काढायची नाही, आणि नको म्हणालं तर जागा मोकळी सोडा, गुण कापणार नाही. मागे एका मुलीने विचारलं, "मॅडम, मोकळ्या जागेचं कारण लिहायचं का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. लिहायचं म्हटलं तर मोकळी जागा मोकळी राहत नाही. नको म्हटलं तर आमच्या घरासारखंच.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरायला आत्याने मला बोलावलं. तेव्हा ती ६३ वर्षांची होती, काकांकडचे सहा महिने चालू होते. आधारकार्डावर अजून त्याचंच आडनाव. वैवाहिक स्थितीचा रकाना आला तेव्हा माझा हात थांबला. या वेळी मी विचारलं. तिला सगळे शब्द वाचून दाखवले: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्त्या, निराधार.

"परित्यक्त्या म्हंजी?"

"नवऱ्याने सोडलेली."

तिने चष्मा काढून पदराला पुसला.

"विवाहित लिही," म्हणाली. "पैसं तेवढंच हायत न्हवं?"

तेवढेच आहेत, मी म्हणाले. मग मी विवाहित लिहिलं. ती रेघ पुसायला सांगितलेलं तिला आठवत होतं का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. तिने अर्ज माझ्या हातातून घेतला, तो रकाना बोटाने दोनदा वाचला आणि म्हणाली, फोटू चिकटवायला घरात डिंक न्हाय, भात घे थोडा.